बुधवारची मालगाडी

आमच्या खानावळीला पाटी नव्हती. पाटी लावली की कुणीतरी येऊन परवाना विचारतं, असं आईचं म्हणणं होतं. परवान्याच्या पाठोपाठ जागेचा प्रश्न निघाला असता, कारण आमची चूल ज्या जमिनीवर होती ती रेल्वेची होती. कोपरगावच्या अलीकडचं ते एक लहान स्टेशन. त्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण तिथल्या काही माणसांच्या घरी अजून पेन्शन येते आणि मला कुणाच्या ताटात माती कालवायची नाही. मालधक्क्याच्या मागे बाभळीच्या फांद्यांचं कुंपण होतं आणि त्यात माणूस अंग चोरून शिरेल एवढी फट. त्या फटीतून आत आलं की चार पत्र्यांची पडवी, दोन चुली, पाण्याचा रांजण आणि पाटावर बसलेले हमाल, पॉइंट्समन, मालगाडीचे गार्ड, कोळशाने तोंड काळं झालेले फायरमन. वडील साखर कारखान्यावर बॉयलरला होते. हंगामात पंधरा-पंधरा दिवसांनी घरी दिसायचे, आणि दिसायचे तेव्हा झोपलेले दिसायचे. त्यामुळे घर म्हणजे आई, आणि आई म्हणजे चूल.

घड्याळ आमच्याकडे नव्हतं आणि आईला ते लागतही नव्हतं. लांबून इंजिनाची शिट्टी आली की ती परातीत पीठ घ्यायची. सिग्नलची तार ताणली गेली की एक खटका यायचा, तो ऐकला की पहिली भाकरी तव्यावर पडायची. गाडी ब्रेक लावत स्टेशनात शिरेपर्यंत तीन भाकऱ्या टोपलीत असायच्या. रोजचं जेवण साधं होतं: बाजरीची भाकरी, वांगं नाहीतर पिठलं, फोडलेला कांदा, पाट्यावर रगडलेला लाल मिरचीचा ठेचा. बुधवारी मात्र शेंगोळे. मंगळवारच्या बाजारातून हुलगे आणायचे, गिरणीतून दळून आणायचे आणि बुधवारी सकाळपासून आई ते पीठ लसूण, मिरची, जिरं घालून मळत बसायची. मग पाटावर पिठाची वळी वळून तिला पीळ द्यायचा आणि उकळत्या रश्शात सोडायची. पळसाच्या द्रोणात घट्ट, काळसर, वाफाळता रस्सा आणि त्यात ते वेटोळे. शेंगोळे ऊन ऊनच खायचे असतात. थंड झाले की त्यांची खळ होते. म्हणून बुधवारी जेवायला वेळ लागायचा. घाईने खाणाऱ्याला आई दुसऱ्यांदा वाढत नसे.

मी तेव्हा नुकता मॅट्रिक झालो होतो आणि रिकामा होतो. दुष्काळाचं वर्ष होतं, कामं कुठेच नव्हती. एका कापडाच्या दुकानात लागलो होतो, तिथून महिन्यात बाहेर पडलो. एक गिऱ्हाईक धोतरजोडीचा भाव पाडत होतं, आणि ते इतकं कच्चं पाडत होतं की माझं डोकं फिरलं. मी त्याला भाव कसा पाडायचा ते दाखवून दिलं. मालक गल्ल्यावरच बसला होता. माझा हा स्वभाव अजून गेलेला नाही. पुढे मी ट्रकचा धंदा उभा केला. एका जुन्या ट्रकपासून सुरुवात केली आणि कुणाच्या दारात उभा राहिलो नाही, पण भाव ठरवताना समोरचा चुकला तर मला आजही बघवत नाही.

परचुरे साहेब आमच्या कुंपणाशी आले ते अशाच एका दुपारी. हे साखर कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनियर. स्टेशनपासून अर्ध्या मैलावर त्यांचा बंगला होता. यंत्रं आणायला कधीकाळी विलायतेला गेले होते, तेव्हा येताना एक खोका घेऊन आले होते. खोक्यात विजेवर चालणारं हातभर लांबीचं इंजिन, रूळ आणि थोडे डबे होते. तो खोका त्यांनी नोकरीभर कपाटावर ठेवला आणि निवृत्तीनंतर खाली काढला. बंगल्याच्या दिवाणखान्यात त्यांनी भिंतीला धरून टेबलं मांडली होती आणि त्यावर आमचंच स्टेशन उभं करायला घेतलं होतं. सिग्नल, मालधक्का, कारखान्यात वळणारं सायडिंग, गोदावरीवरचा पूल, सगळं. हे मला नंतर कळलं. त्या दुपारी मला फक्त कुंपणाच्या फटीत डोक्यावर टोपी घातलेला एक गोरा म्हातारा अडकलेला दिसला.

"कोन पायजे?" मी विचारलं.

"मालगाडी प्रत्यक्षात कशी चालते ते सांगणारं माणूस पाहिजे."

"मग मास्तर हायेत की टेशनात."

"मास्तर नियम सांगतात. नियम मला पाठ आहेत. मला जे घडतं ते पाहिजे."

मी त्यांना फटीतून ओढून आत घेतलं आणि तिथेच सौदा सुरू झाला. त्यांना रोजच्या दुपारच्या मालगाडीची नोंद हवी होती: कधी आली, किती डबे, कशाचे, कुठे सोडले, किती वेळ थांबली, कधी गेली. ते बदल्यात मला पुस्तकं देऊ म्हणाले. पुस्तकं मला नको होती. मग इंग्रजी शिकवू म्हणाले. मी आईकडे बघितलं. ती चुलीतून मान वर न काढता म्हणाली, "रेल्वेत लावत्यात का इचार."

साहेब हसले. त्यांचे एक मित्र रेल्वेच्या वाहतूक खात्यात मोठे अधिकारी होते आणि काही महिन्यांनी साहेबांच्या साठीच्या शांतीला येणार होते. टेबलावरची रेल्वे त्या दिवशी सगळ्यांना दाखवायची होती. "त्यांना नोंदी घेणारी माणसं लागतात. काम चोख केलंस तर मी तुझ्यासाठी शब्द टाकीन."

"शब्द नको साहेब. मला त्यांच्याम्होरं उभं करायचं आन् वही त्यांच्या हातात द्यायची. तिथनं पुढं माझं मी बघीन."

"कबूल," साहेब म्हणाले आणि खिशातलं साखळीचं घड्याळ काढून माझ्या हातावर ठेवलं. रेल्वेची नोकरी म्हणजे तेव्हा काय होतं ते आजच्या पोरांना सांगून कळायचं नाही. मालधक्क्यावर डब्यांचे नंबर टिपणारा साधा कारकून आमच्याकडे जेवायला आला तरी हमाल सरकून बसत.

मग मी कामाला लागलो आणि माझ्या लक्षात आलं की डोळ्यांना दिसतं त्याच्या दुप्पट माणसांच्या पोटात असतं. ते काढायचं तर पोटाच्या वाटेनेच काढावं लागणार. दुपारच्या मालगाडीचे गार्ड होते कादरचाचा. उंच, वाकलेले, मेंदी लावलेल्या दाढीचे. त्यांना ठेचा जास्त लागायचा. मी ठेच्याचा दगडी खल त्यांच्या पानापासून हातभर लांब ठेवायचो आणि विचारायचो, "चाचा, आज कोळशाचे डबे मागं का लावले?"

"आधी ठेचा."

"आधी डबे."

"हे पोरगं पोलिसात जाणार बघ," ते आईला म्हणायचे. "अरे, मागे लावले कारण तुमच्या कारखान्याच्या सायडिंगचं तोंड दौंडच्या बाजूला आहे. मनमाडकडून येणारी गाडी तिथे डबे ढकलूच शकत नाही. हे डबे आता पुढच्या स्टेशनात जातील, उद्या परत येतील, तेव्हा आत जातील. आण इकडे तो खल."

असं एकेक करून मी गोळा केलं. रिकाम्या डब्यांसाठी मास्तर कसे रडगाणं गातात. साखरेच्या पोत्यांच्या डब्याला शिक्का कसा मारतात. कांद्याचा डबा उन्हात उभा राहिला की हमाल त्याच्या सावलीलासुद्धा का बसत नाहीत. इंजिन नसलं तर डबा बैलांनी ओढतात हेही मी लिहिलं. धक्क्यापाशी पाटलाची बैलजोडी जुंपून हमाल मागून पहारीने चाकाला रेटा देत, आणि पन्नास हात जायला अर्धा तास लागे. साहेबांनी ते वाचलं आणि उठून खोलीत येरझाऱ्या घातल्या. मी पोळ्याचे मातीचे बैल घरून आणून त्यांच्या टेबलावर डब्यापुढे उभे केले. डब्याच्या मानाने ते हत्तीएवढे दिसत होते, पण साहेबांनी ते काढू दिले नाहीत.

साहेबांना एक पुतण्या होता, श्रीरंग. पुण्याला इंजिनियरिंगला होता आणि सुट्टीत यायचा. रूळ त्याने घातले होते आणि कारखान्याचं सायडिंग त्याने नेमकं उलट्या तोंडाचं घातलं होतं. कादरचाचांची माहिती मी साहेबांना सांगितली तेव्हा त्यांनी त्याच्यादेखत ते रूळ उपटून काढले. श्रीरंग माझ्याकडे बघून म्हणाला, "काका, हा मुलगा आमटी वाढता वाढता वाहतूक शिकला वाटतं." मी म्हणालो, "आन् तुमी फी भरून उलटी शिकलात." तेव्हापासून आमचं जमलं नाही. दोन वर्षांपूर्वी एका लग्नात तो मला भेटला. केस पिकलेत, हातात काठी आहे. आपल्या सुनेशी माझी ओळख करून देताना म्हणाला, "हे ते बुधवारवाले." सगळे हसले. मी जेवणावरून उठून आलो. हे प्रकरण मी लिहायला बसलो ते त्या दिवशी.

तर बुधवार. माझ्या वहीत थांब्याचा एक रकाना होता. सोमवारी गाडी नऊ मिनिटं थांबायची, मंगळवारी दहा, गुरुवारी आठ. बुधवारी त्रेचाळीस, एकेचाळीस, एकदा शेहेचाळीस. ती का थांबते ते मला ठाऊक होतं, कारण वाढणारा मीच होतो. पण मला सांगितलं होतं दिसेल ते लिही, आणि कारणाच्या रकान्यात मास्तर फोनवरून वर जे कळवायचे तेच मी लिहायचो. तेव्हा प्रत्येक गाडी का खोळंबली ते मास्तरांना वरच्या कचेरीला सांगावं लागे. मास्तर स्वतः द्रोण हातात धरून फोनमध्ये सांगायचे, "इंजिनाची आग साफ करतायत." साहेबांनी मला विचारलं, "आग बुधवारीच कशी मळते रे?" मी म्हणालो, "कोळसा तसला येत आसल." साहेबांना ते फार आवडलं. नियमात न बसणारी गोष्ट सापडली की त्यांचे डोळे चमकायचे. त्यांनी ठरवलं, साठीच्या दिवशी सोमवार, मंगळवार आणि बुधवार असे तीन दिवस ओळीने दाखवायचे.

कादरचाचांनी एकदा माझी वही चाळली आणि बुधवारवर बोट ठेवलं. "किसन, हे एवढं नको लिहूस."

"खोटं हाय का?"

"खरं आहे म्हणून तर."

"मग कारण बी लिवलंय की. मास्तरांच्याच तोंडचं हाय." त्यांनी वही मिटून माझ्या हातात ठेवली. मी हुशार होतो, पण त्या वयातली हुशारी दुसऱ्याचं तोंड बंद झालं की आपण जिंकलो असं समजते.

साठीच्या दिवशी बंगल्यात गर्दी होती. होमाचा धूर, माईंनी, म्हणजे साहेबांच्या पत्नीने केलेल्या अळूवड्या, मसाले भात, जिलेबी. कारखान्यातली माणसं होती. साहेबांनी आवर्जून मास्तरांना आणि कादरचाचांनाही बोलावलं होतं, ते दोघे कडक इस्त्रीचे कपडे घालून दारापाशी उभे होते. जेवणं झाल्यावर सगळे टेबलांभोवती जमले. वाहतूक अधिकारी मध्ये खुर्चीवर बसले. बारीक माणूस, मोठा चष्मा, हातात चहाचा कप. साहेबांनी शब्द पाळला. मला पुढे उभं केलं, वही त्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, "या रेल्वेतलं जे जे खरं आहे ते या मुलाचं." मी आदल्या दिवशी धुतलेला सदरा घातला होता. माझ्या पायांना जमीन लागत नव्हती.

टेबलावरचं घड्याळ दहापट वेगाने पळायचं. खटके श्रीरंगच्या हातात होते. सोमवार झकास झाला. गाडी आली, दोन डबे सुटले, बैलांना बघून सगळे हसले, मिनिटाच्या आत गाडी सुटली. अधिकारी वहीत बघत होते, टेबलावर बघत होते आणि मान हलवत होते. मंगळवारी सायडिंगमध्ये डबे गेले तेव्हा ते साहेबांना म्हणाले, "परचुरे, हा पोरगा मला द्या." हे मी माझ्या कानांनी ऐकलं. मग बुधवार सुरू झाला. गाडी आली, थांबली. डबे सोडायचे नव्हते, घ्यायचे नव्हते. सिग्नल पडला, म्हणजे निघायला वाट मोकळी झाली. आणि गाडी उभी राहिली. त्रेचाळीस मिनिटं म्हणजे त्या घड्याळात चार मिनिटांहून जास्त. भरल्या खोलीत काहीही न होता चार मिनिटं किती लांब असतात ते मला त्या दिवशी कळलं. कुणी खोकलं. एका पाहुण्यांनी विचारलं, वीज गेली का. माई जिलेबीचं ताट परत फिरवू लागल्या.

श्रीरंग मोठ्याने म्हणाला, "वीज आहे. आमचे नोंदणीकार खानावळीत वाढता वाढता वही लिहितात, तेव्हा नऊचे त्रेचाळीस होतात. मी काकांना म्हटलं होतं, हा आकडा काढा."

लोक हसले. मी गप्प बसलो असतो तर गाडी सुटली असती, बुधवार संपला असता आणि मी रेल्वेत लागलो असतो. पण माझ्या कानशिलात रक्त चढलं.

"चूक न्हाई," मी म्हणालो. "बुधवारी तेवढीच थांबती. दर बुधवारी थांबती. माज्याकडं पंधरा बुधवार लिवलेले हायेत, काढून बघा."

अधिकाऱ्यांनी कप खाली ठेवला. "दर बुधवारी?"

"दर."

"सिग्नल पडलेला असताना?"

"पडलेला असताना."

"का?"

"आग साफ करत्यात."

ते खुर्चीत पुढे सरकले. मग अगदी मऊ आवाजात म्हणाले, "आग मनमाडला साफ होते, बाळ. तुमच्या स्टेशनात राख टाकायला खड्डासुद्धा नाही." त्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि माझ्या वहीतल्या बुधवारांवर एकेक खूण करायला लागले. "तिथे बुधवारी काय असतं?"

मी दाराकडे बघितलं. मास्तरांच्या कपाळावर घाम होता. कादरचाचा आपल्या हातातल्या टोपीच्या आत बघत होते, जणू तिथे काही लिहिलेलं आहे. आणि मला एकाएकी सगळं दिसलं. चौकशी, दोघांच्या बदल्या नाहीतर त्याहून वाईट, कुंपणाची फट बुजवणारे मजूर, आणि रेल्वेच्या जमिनीवरून हलवलेली आईची चूल. माझ्याच अक्षरात, तारखेवार, मिनिटांसह.

"काय नसतंय," मी म्हणालो. "मीच नसतो."

"म्हणजे?"

"बुधवारी मी टेशनात नसतो. भटकायला जातो. मग मागनं मनानं लिवतो."

"पंधराही बुधवार?"

"पंधराबी."

"आणि सिग्नल पडलेला असतो ते?"

"तेबी मनानंच."

खोलीत कुजबुज झाली. श्रीरंगचं तोंड मी बघितलं नाही, त्यामुळे ते कसं दिसत होतं ते मी गेली पन्नास वर्षं स्वतःच कल्पून चिडतो आहे. मला दिसत होते परचुरे साहेब. ते रागावले नव्हते. ते म्हणाले, "किसन, तू मला मनचं लिहून दिलंस?" मी मान खाली घातली. सगळ्या आयुष्यात मी इतका वाईट सौदा केलेला नाही. खरा माल मी खोटा म्हणून दिला आणि समोरच्यानं तो तसाच घेतला.

अधिकाऱ्यांनी वही मिटून मला परत केली. त्यांना माझं पटलं की नाही, मला आजही सांगता येत नाही. ते मला एवढंच म्हणाले, "नोंद घेणाऱ्याची नजर हलली की तो आमच्या कामाचा नसतो." मग मास्तरांकडे एकदा नीट बघून त्यांनी साहेबांना सांगितलं, "परचुरे, येत्या बुधवारी तुम्हीच घड्याळ घेऊन फलाटावर उभे राहा. गाडी किती थांबते ते मला पत्राने कळवा."

घरी आलो तेव्हा आई तांदूळ निवडत होती. मी सगळं सांगितलं. तिने सूप खाली ठेवलं.

"म्हंजी माझ्या शेंगोळ्यांपायी तुझी नोकरी गेली?"

"व्हय."

तिने सुपातला एक खडा उचलून बाहेर फेकला. मग म्हणाली, "आन् तो पुन्याचा खरा ठरला?"

"व्हय."

"त्येला न्हाई कधी वाढायची," ती म्हणाली आणि सूप पुन्हा हातात घेतलं.

संध्याकाळी मास्तर आणि कादरचाचा कुंपणाच्या फटीतून आत आले. चाचांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, मी तो बाजूला केला. मला आशीर्वाद नको होता. मी त्यांना सांगितलं, मी भरल्या खोलीत तोंड काळं करून आलोय, आता बुधवारी गाडी नऊ मिनिटांत सुटली पाहिजे.

"वीस कर," चाचा म्हणाले. "वीस मिनिटांत ड्रायव्हरला मी उठवतो."

"नऊ."

"पंधरा, बेटा. शेंगोळे आहेत."

"चाचा, बंगल्यात म्या नऊ कबूल केलंय. साडेनऊ झाली तर मी स्वतः पत्र लिहून समदं खरं कळवीन."

मास्तर घाईघाईने नऊ म्हणाले. राहता राहिली आई. गाडी थांबणार नाही तर जेवण गाडीत जायला हवं, म्हणजे कडीच्या डब्यात, म्हणजे शेंगोळे वाटेत गार होणार. त्यांची खळ होऊ नये म्हणून रस्सा पातळ करावा लागणार होता. हे तिला सांगायला कुणाची छाती होईना. शेवटी मी सांगितलं. ती मला जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. माझी नोकरी गेली तेव्हा ती एवढी बोलली नव्हती. पण बुधवारी सकाळी मी बघितलं, तिने पातेल्यात तांब्याभर पाणी जास्त ओतलं आणि तोंड फिरवून बसली.

साहेब दीड वाजायच्या आधीच फलाटावर आले. घड्याळ त्यांनी माझ्याकडून परत घेतलं होतं. मला बघून म्हणाले, "ये, शेजारी उभा राहा. आपण दोघं मिळून बघू." त्यांच्या आवाजात माया होती आणि ती मला सहन होत नव्हती. शिट्टी आली. सिग्नलचा खटका आला. गाडी आली आणि थांबली, आणि साहेबांनी घड्याळाच्या काट्यावर नजर रोखली. मी मात्र डब्यांच्या खालून पलीकडे बघत होतो. चाकांच्या मधून मला आईचे पाय दिसले. इंजिनापाशी ते थांबले, मग हिरव्या लुगड्याचा काठ एकेका चाकाआडून दिसत-लपत शेवटच्या डब्याकडे पळत निघाला. तिच्या पायात काहीच नव्हतं आणि खाली खडी तापलेली होती. मध्ये एकदा ती अडखळली. जेवणाच्या डब्यांच्या कड्या वाजल्या.

"कसला आवाज?" साहेब म्हणाले.

"साखळ्यांचा."

पाय गार्डाच्या डब्यापाशी पोचले, थांबले, टाचा वर झाल्या. मग गार्डाच्या डब्याच्या दारात कादरचाचांची हिरवी झेंडी हलली. इंजिनाने शिट्टी दिली. साहेबांनी बोट घड्याळाच्या काचेवर ठेवलं. "आठ मिनिटं चाळीस सेकंद," ते म्हणाले आणि वहीत लिहिलं. त्यांचं अक्षर सुंदर होतं. खाली लिहिलं, *श्रीरंग बरोबर होता.* मला वाचून दाखवलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चूक कबूल करायला फार मोठं मन लागतं. मी तुझ्यावर रागावलेलो नाही. येत जा बंगल्यावर."

"व्हय साहेब," मी म्हणालो. हे दोन शब्द मला ट्रकच्या पहिल्या हप्त्यापेक्षा महाग पडले. शेवटचा डबा समोरून सरकला. चाचांनी आम्हाला सलाम केला, त्यांचा गाल फुगलेला होता. गाडी पुढे गेली आणि रुळांच्या पलीकडे आई उघडी पडली. हातात रिकामी पिशवी, पदराने घाम पुसत, भर उन्हात एकटी.

साहेबांनी चष्मा सावरला. "त्या बाई कोण?"

"माझी आई. गाडी बघाया आली आसल."

"अरे वा. रोज येतात?"

"न्हाई," मी म्हणालो. "फकस्त बुधवारी."

ते त्यांनी लिहून घेतलं नाही.